टेम्पोला स्पीकर बसवताना बॅटरीचा जमाखर्च

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज लोणची-पापड नाहीत, कर्जाचे हप्ते नाहीत आणि शेळीपालनही नाही. आज बोलायचंय गाडीतल्या स्पीकरबद्दल. गाडीत जो डेक आधीपासून आहे, त्याला आणखी स्पीकर जोडायचे तर मध्ये ॲम्प्लिफायर का लागतो, तो कसा जोडतात, आणि जोडून झाल्यावर आपण काय तपासून घ्यायचं, एवढंच.

विषय पोरांचा वाटेल. पण आता गाडी गटाची असते. मुळशी, हवेली, पुरंदर भागातले गट छोटा हत्ती किंवा तसलाच टेम्पो घेऊन पुण्यात येतात. कोणी शेतकरी आठवडे बाजारात उभं राहतं, कोणी सोसायट्यांच्या दारात. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना मेथी आल्याचं कळवायचं तर ओरडून ओरडून दुपारपर्यंत घसा बसतो. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, गाडीला मोठे स्पीकर बसवू. ठराव होतो, पैसे निघतात, ड्रायव्हर गाडी घेऊन शहरात जातो आणि संध्याकाळी बिल घेऊन येतो. बिलावर लिहिलेलं असतं ‘ॲम्प १००० वॅट, स्पीकर ४, वायर सेट, मजुरी’. सचिव ताई सही करतात. त्या हजार वॅटचा अर्थ काय, हे विचारायचं राहूनच जातं.

मी बी.ए. झालेली, वायरमन नाही. जोडणीचं काम कारागिरानेच करावं असं माझं मत आहे. पण वहीतला जमाखर्च तपासायला आपण जशा शिकलो, तसा बॅटरीचा जमाखर्चही तपासता येतो. त्याला गुणाकार-भागाकार पुरतो.

आधी तीन शब्द समजून घेऊ. गावच्या पाण्याच्या टाकीची कल्पना करा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब. विजेच्या दाबाला व्होल्ट म्हणतात. पाटातून किती पाणी वाहतंय, ते झालं अँपिअर. आणि पाण्याला वाटेत जो अडसर होतो, तो ओहम. दाब गुणिले प्रवाह म्हणजे वॅट. झालं, एवढ्यावर पुढचं सगळं चालेल.

घरात दाब असतो २३० व्होल्टचा. गाडीच्या बॅटरीत असतो १२ व्होल्टचा, इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे साधारण १४ होतो. आता फरक बघा. हजार वॅटची इस्त्री घरात सव्वाचार-साडेचार अँपिअर घेते. तेवढीच ताकद १२ व्होल्टवर हवी असेल तर ८० अँपिअरच्या वर प्रवाह लागेल. दाब कमी म्हणून पाट रुंद हवा. गाडीतल्या मोठ्या ॲम्पला करंगळीएवढी जाड वायर लागते ती यामुळे. घरातल्या बोर्डाची उरलेली वायर तिथे चालवून घ्यायची नसते. गाडीचे दोन्ही हेडलाइट साध्या बल्बचे असतील तर मिळून ११० वॅटच्या आसपास, म्हणजे नऊ अँपिअर घेतात. हा आकडा लक्षात ठेवा, तुलनेला बरा पडतो.

आता डेक. खोक्यावर छापलेलं असतं ‘५० वॅट गुणिले ४’. म्हणजे दोनशे वॅट. खरं आहे का? डेकच्या मागे एक छोटा रंगीत फ्यूज असतो. त्यावर आकडा लिहिलेला असतो, बहुधा १० किंवा १५. दहा अँपिअरचा फ्यूज असेल तर डेक बॅटरीकडून जास्तीत जास्त दहा गुणिले चौदा, म्हणजे १४० वॅट घेऊ शकतो. जमा १४०, मग खर्च २०० कुठून होणार? त्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो, म्हणून डेक गरम होतो. प्रत्येक स्पीकरला खरे टिकून मिळतात ते साधारण १५ ते २० वॅट. पन्नास हा क्षणभराच्या झटक्याचा आकडा. खोक्याच्या आत माहितीपत्रक असतं, त्यात ‘आरएमएस’ असं लिहून त्यापुढे जो आकडा दिलेला असतो तो धरायचा.

हीच युक्ती ॲम्पला लावा. ॲम्पवर ‘१००० वॅट’ असं सोनेरी अक्षरात असेल आणि बाजूला फ्यूज असेल २५ अँपिअरचा. पंचवीस गुणिले चौदा, साडेतीनशे वॅट जमा. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये त्यातले निम्मे ते दोनतृतीयांश आवाजाला मिळतात, म्हणजे पावणेदोनशे ते सव्वादोनशे. नवीन ‘क्लास डी’ ॲम्प कमी वाया घालवतात, तिथे ऐंशी टक्क्यांपर्यंतही मिळतात. पण हजार होत नाहीत. काउंटरवर उभं राहून विचारायचं, “दादा, याचा फ्यूज किती अँपिअरचा?” आमच्या एका गटाच्या अध्यक्षांनी असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, “ताई, त्याचं काय करायचंय तुम्हाला?” ताई म्हणाल्या, “गुणायचंय.” मग तो खुर्चीवरून उठून दुसरा माल दाखवायला लागला.

या मालासाठी पुण्यात फार फिरावं लागत नाही. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली वायर, फ्यूज, कनेक्टर, मीटर अशा विजेच्या सामानासाठी माहीतच आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात चाकणला हरमन कंपनीचा कारखाना आहे, तिथे मोटार कंपन्यांसाठी गाडीत बसवायच्या यंत्रणा तयार होतात. सांगायचं एवढंच की माल आणि माहिती दोन्ही हाताशी आहे. एका दुकानात दर ऐकून लगेच पैसे मोजायचं कारण नाही. दोन ठिकाणी कागदावर दर लिहून घ्या, त्यात वायरची जाडी आणि फ्यूज वेगळे लिहायला सांगा.

आता मुख्य मुद्दा, जादा स्पीकर जोडण्याचा. सगळ्यात सोपी वाटणारी आणि सगळ्यात जास्त डेक जाळणारी पद्धत म्हणजे दारातल्या जुन्या स्पीकरच्याच वायरींवर नवीन स्पीकर टाचून देणं. तारेला तार पिळली, टेप गुंडाळला, झालं. ॲम्पचा खर्च वाचला म्हणून सगळे खूश. काय होतं ते पाटावरून बघू. पाटाला एक बारं फोडलंय आणि वाफ्यात पाणी जातंय. शेजारी तेवढंच दुसरं बारं फोडलं, तर पाण्याला जायला वाट दुप्पट झाली, अडसर निम्मा झाला. स्पीकरवर मागे ‘४ ओहम’ लिहिलेलं असतं. चारचे दोन असे शेजारीशेजारी जोडले की डेकला दिसतात २ ओहम. बहुतेक डेक ४ ते ८ ओहमसाठी बनवलेले असतात. दोनवर तो झेपेल त्यापेक्षा जास्त प्रवाह ओढतो, तापतो, मध्येच बंद पडतो, थंड झाला की परत सुरू होतो, आणि एक दिवस होत नाही.

दुसरी पद्धत एकामागे एक जोडण्याची, एका स्पीकरमधून निघालेली तार दुसऱ्यात. तेव्हा अडसराची बेरीज होते, ४ आणि ४ आठ. डेक सुरक्षित राहतो पण ताकद निम्मी होते आणि तीही दोघांत वाटली जाते. स्पीकर वाढले, आवाज मात्र वाढला नाही. चार स्पीकर असतील तर दोन-दोनच्या जोड्या एकामागे एक करून त्या जोड्या शेजारीशेजारी जोडल्या की परत ४ ओहम होतात. हा हिशेब कागदावर काढून बघा, भाकऱ्या थापता थापता तोंडीही जमतो.

म्हणून ॲम्प. माझा सल्ला असा असतो की दारातले जुने स्पीकर डेकवरच राहू द्यावेत, त्यांना हात लावू नये. नवीन दोन स्पीकरसाठी वेगळा दोन चॅनेलचा ॲम्प घ्यावा. डेककडून ॲम्पला फक्त आवाजाचा संदेश जातो, ताकद ॲम्प थेट बॅटरीकडून घेतो. डेकवर ओझं पडत नाही. उद्या ॲम्प बिघडला तरी दारातले स्पीकर वाजत राहतात आणि धंदा थांबत नाही. चारही स्पीकर ॲम्पवर घेतले तर आवाज जास्त एकसारखा येतो, हे खरं. पण आपल्याला त्यावर मैफल ऐकायची नाही.

ॲम्पला जाणाऱ्या वायरी ओळखून ठेवा. एक जाड लाल, बॅटरीच्या अधिक टोकाकडून येणारी. एक तेवढीच जाड काळी, गाडीच्या पत्र्याला लावायची, तिला अर्थ म्हणतात. एक बारीक, डेककडून येणारी, डेक चालू झाला की ॲम्पला उठवणारी. बाजारात मिळणाऱ्या डेकमध्ये ती निळी, पांढऱ्या रेघेची असते. मग संदेशाची केबल, लाल-पांढऱ्या पिनांची. आणि शेवटी ॲम्पकडून स्पीकरकडे जाणाऱ्या तारांच्या जोड्या. डेकला लाल-पांढऱ्या पिनांची सोय नसेल तर स्पीकरच्या वायरींवरूनच संदेश घेता येतो, पण ॲम्पला तशी ‘हाय लेव्हल’ जागा आहे का ते घेतानाच बघायचं.

बारीक निळी तार टाळून ॲम्प थेट बॅटरीवर चालू ठेवणारे कारागीर असतात. पाच मिनिटं वाचतात. पण ॲम्प रात्रभर जागा राहतो आणि थोडीथोडी बॅटरी पीत राहतो. सोमवारी गाडी उभी केली आणि गुरुवारी बाजाराच्या पहाटे सेल्फ मारला तर टक-टक. जोडणी झाल्यावर डेक बंद करून ॲम्पचा छोटा दिवा विझतोय का, हे डोळ्यांनी बघा.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती. फ्यूज. ॲम्पच्या अंगावर एक फ्यूज असतो, तो ॲम्पसाठी. पण बॅटरीपासून ॲम्पपर्यंत जी तीन-चार मीटर लाल वायर येते, तिच्यासाठी वेगळा फ्यूज लागतो, आणि तो बॅटरीजवळ लागतो. किती जवळ? एक हाताच्या आत. आपला जुना हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण अठरा इंच. जितका जवळ तितका चांगला.

का, ते समजून घ्या. गाडीची बॅटरी इंजिनाला फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर सहज देते. ती लाल वायर इंजिनाच्या बाजूने केबिनमध्ये पत्र्याच्या भोकातून येते. गाडी धावते, वायर हलते, पत्र्याची धार रबर कापते. एक दिवस आतलं तांबं पत्र्याला टेकतं. पत्रा म्हणजे बॅटरीचं वजा टोकच. मग बॅटरी आहे नाही तेवढं सगळं त्या वाटेने सोडून देते. वायर लाल होते, रबर पेटतं. ॲम्पजवळचा फ्यूज इथे काहीच करू शकत नाही, कारण प्रवाह त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. बॅटरीजवळ फ्यूज असता तर क्षणात उडाला असता.

आमच्या ओळखीच्या एका गटाच्या टेम्पोचं असंच झालं. शहरातल्या एका दुकानात, नाव घेत नाही, बॅटरीजवळ फ्यूज न लावताच जोडून दिलं होतं, आणि भोकात रबरी रिंगही नव्हती. दोन महिने सुरळीत चाललं. मग घाट उतरताना केबिनमध्ये जळका वास आला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, बाया खाली उतरल्या, त्याने पान्याने बॅटरीचं टोक सोडवलं. पायाखालची रबरी चटई वितळली होती. मागच्या बाजूला आठ बाया आणि दोन पोरं भाजीच्या पोत्यांवर बसली होती. गाडीवर अजून तेवीस हप्ते होते. जो फ्यूज नव्हता त्याची किंमत गटाच्या चहापाण्याच्या खर्चातून निघाली असती. (मालाच्या गाडीत मागे माणसं बसवू नयेत, हेही आहेच. त्यावर एकदा वेगळं बोलू, कारण त्याची कारणं फक्त बेफिकिरीची नसतात.)

बॅटरीजवळचा फ्यूज किती अँपिअरचा? वायर जितका प्रवाह सोसते त्यापेक्षा जास्त नाही, हा नियम. ॲम्पवर २५ किंवा ३० चा फ्यूज असेल तर बॅटरीजवळ ३० चा लावतात, आणि तेवढ्यासाठी चार-पाच मीटर अंतराला ८ ते १० चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घेतात. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज टाकणं, किंवा त्या जागी तारेचा तुकडा नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणं, म्हणजे घराला कुलूप नको म्हणून दारच काढून ठेवण्यासारखं आहे. फ्यूज उडाला तर तो का उडाला ते आधी शोधायचं.

वायर घेताना एक फसवणूक होते. वरून जाडजूड, पारदर्शक लाल रबर, आत चमकणारी तांबडी तार. ब्लेडने एक तार हलकी खरवडा. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमची, वर नुसता तांब्याचा मुलामा. ती चालतच नाही असं नाही, पण तेवढाच प्रवाह न्यायला जास्त जाड लागते. तांब्याच्या दराने ती घेऊ नका. आणि रबराची जाडी म्हणजे वायरची जाडी नव्हे, कापलेल्या तोंडाकडे बघा.

अर्थची तार जोडताना पत्र्यावरचा रंग पॉलिशपेपरने घासून पांढरा पत्रा काढायचा, थिंबल लावून नटबोल्टने घट्ट आवळायचा. रंगावरच जोडली तर अडसर राहतो आणि जोड तापतो. सीट बेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरायचा नाही, तो जिवाच्या कामाचा आहे. स्पीकरची काळी तार मात्र पत्र्याला अजिबात लावायची नाही. आजकालच्या डेक-ॲम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यातली एक पत्र्याला टेकली की ॲम्प गेला म्हणून समजा. जुने रेडिओ दुरुस्त केलेले काही कारागीर अजून सवयीने तसं करतात.

काम सुरू करताना बॅटरीचं वजा टोक आधी सोडवायचं, आणि सगळं झाल्यावर ते शेवटी जोडायचं. पत्र्याला भोक पाडायचं असेल तर खाली डिझेलची टाकी, ब्रेकची नळी नाही ना, हे वाकून बघायचं. वायर सायलेन्सरपासून लांब. गाडी विजेवर चालणारी असेल तर नारिंगी रंगाच्या जाड केबलींना कुणालाही हात लावू देऊ नका, त्यात जीव घेईल इतका दाब असतो. असल्या गाडीचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यायचं. नवीन गाडी असेल तर वॉरंटीचं पुस्तक वाचल्याशिवाय एकही मूळ वायर कापू द्यायची नाही.

स्पीकर बसले, वाजले, पण आवाज पोकळ येतोय, ढोलकीचा ठेकाच ऐकू येत नाही, अशी तक्रार बऱ्याचदा येते. त्यात स्पीकर खराब नसतो. एका स्पीकरच्या तारा उलट्या लागलेल्या असतात. एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि जड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. तपासायला टॉर्चचा दीड व्होल्टचा एक सेल घ्या. स्पीकर सुटा करून, सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला आणि वजा वजाला क्षणभर टेकवा. पडदा बाहेरच्या बाजूला हलला तर खुणा बरोबर आहेत. मुलांना हे बघायला फार आवडतं, शाळेतल्या विज्ञानाच्या तासालाही करून दाखवता येईल.

गाडी रेझ केली की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज चढत जातो, हीसुद्धा नेहमीची तक्रार. तो अल्टरनेटरचा आवाज. बहुधा अर्थचा जोड कच्चा असतो, नाहीतर संदेशाची केबल जाड लाल वायरीला चिकटून नेलेली असते. एक गाडीच्या डावीकडून आणि दुसरी उजवीकडून न्यायला सांगा.

ॲम्पवर ‘गेन’ नावाचा एक छोटा खटका असतो, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा. पोरं तो पूर्ण फिरवतात, जास्त आवाजासाठी. तो आवाजाचा खटका नाही, डेकचा संदेश आणि ॲम्प यांचा मेळ घालायचा खटका आहे. तो शून्यावर ठेवा, डेकचा आवाज पाऊणपर्यंत न्या, मग गेन हळूहळू वाढवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या आणि तिथेच सोडा. फाटका आवाज कानाला वाईट असतोच, पण स्पीकर जळतात तेही त्यानेच.

आता मला जे खरोखर वाटतं ते सांगते. भाजी विकायची असेल तर हे मोठमोठे स्पीकर लागतच नाहीत. वॅट दुप्पट केले तरी कानाला फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा कर्णा घ्यावा, सभेला खांबावर लावतात तसा. माणसाचं बोलणं कर्ण्यातून स्पष्ट आणि लांब जातं. एका वॅटवर एक मीटरवर गाडीचा साधा स्पीकर नव्वदच्या आसपास डेसिबल देतो, कर्णा शंभराच्या वर जातो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे दहापट वॅटचं काम फुकटात. अहुजासारख्या कंपन्यांचे १२ व्होल्टवर चालणारे, माईक जोडता येणारे ॲम्प मिळतात. कर्णे बऱ्याचदा १६ ओहमचे असतात, दोन शेजारीशेजारी जोडले की ८ होतात, हिशेब तोच. माईक हातात घेणारीने कर्ण्याच्या मागे उभं राहायचं, समोर उभं राहिलं की ‘कुंईऽ’ असा आवाज फिरत राहतो.

कायदाही बघून ठेवा, नाहीतर सोसायटीवाले दाखवतील. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. ध्वनिक्षेपक वापरायला लेखी परवानगी लागते. राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. पुण्यात असं क्षेत्र नाही असा रस्ता शोधणं अवघड, त्यामुळे गाडी कुठे उभी करतो ते ठरवून ठेवा आणि तिथून निघाल्यावर कर्णा बंद करा. गणपतीत डीजेच्या भिंती वाजतात मग आमच्याच भाजीवर नियम का, असं बाया विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. पण दंडाची पावती गटाच्या नावाने फाटते.

शेवटी पत्रातून आलेला एक प्रश्न. भोर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय की गाडी बंद ठेवून किती वेळ वाजवता येईल. हिशेब करू. बॅटरीवर ‘३५ एएच’ लिहिलं असेल तर त्यातली निम्मीच वापरायची असं धरा, म्हणजे साडेसतरा. सगळं मिळून सरासरी पाच अँपिअर खर्च होत असेल तर साडेतीन तास. नुसतं माईकवर अधूनमधून बोललात तर त्याहून जास्त, मोठ्याने गाणी लावलीत तर तासा-दीड तासात संपेल. बॅटरी जुनी असेल तर यातूनही कमी करा. आणि नवीन जोडणी केली असेल तर पहिल्या दिवशी अर्धा तास वाजवून झाल्यावर बॅटरीजवळच्या फ्यूजच्या डबीला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर आतला स्क्रू ढिला आहे, त्याच दुकानात गाडी परत न्या आणि समोर उभं राहून आवळून घ्या.